फोटोखालची चिठ्ठी

रविवार, रात्र

पुतणीने आणि गावच्या पोरांनी समाजमंदिरात जुन्या फोटोंचं दालन उघडलंय. तिथे बाबांच्या फोटोखाली आज एक चिठ्ठी लावलेली दिसली. चिठ्ठी निळ्या शाईत आहे. अक्षर वळणदार, कित्ता गिरवून आलेलं. 'मागे जो काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा दांडा रोवलेला दिसतो, तो मोजणीचा आहे. फोटो जमीन मोजणीच्या वेळचा असावा. तुमचे वडील हसत का आहेत?' खाली ना नाव, ना नंबर.

एवढंच. त्यात शिवी नाही, टोमणा नाही. 'तुमचे वडील' असं अदबीने लिहिलंय. तरी दुपारपासून डोक्यातून जात नाही. जेवताना तेच, भांडी घासताना तेच. ह्यांनी विचारलं काय झालं, तर डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

बाबा हसत का आहेत?

हा फोटो मी लहानपणापासून बघत आलेय. पत्र्याच्या पेटीत, जुन्या लग्नपत्रिकांच्या खाली असायचा. तळहातात मावेल एवढा, कडा कातरलेल्या. बाबा मिठागरात उभे आहेत. कमरेला रुमाल, अंगात बनियन, हातात फावडं. मागे मिठाची रास, उन्हात इतकी पांढरी की फोटोत तिथे काही उमटलेलंच नाही. डाव्या कोपऱ्यात ओल लागून तपकिरी डाग पडलाय. आणि बाबा हसतायत. ओठांतल्या ओठांत नाही, चांगले दात दाखवून, डोळे बारीक करून, मान जराशी मागे टाकून. राशीच्या बाजूला एक काठी रोवलेली दिसायची. त्या काठीचा आमच्या घरात कधी कोणी विचारच केला नाही. मिठागरात काठ्या-बांबू असायचेच.

पुतणीने तो फोटो स्कॅन करून दाराएवढा मोठा केला, तेव्हा काठीवर पट्टे दिसायला लागले. मला दिसले असते तरी त्याचा अर्थ कळला नसता. ज्याला कळला त्याने विचारलं.

मी फोटो बघायला दिला होता, तपासायला नाही. दुपारी तिथे उभी असताना मनात हेच आलं आणि अजूनही आहेच. इतरांच्या फोटोंखाली काय काय छान लिहिलंय. 'आमच्या आजीकडे पण असाच हंडा होता.' 'बैलगाडी कुठली? आम्ही बसलोय हिच्यात.' त्या कोपऱ्यात धवलारणीचा, म्हणजे लग्नात गाणी म्हणणाऱ्या बाईचा फोटो आहे, शेजारी हेडफोन लावलेत, लग्नातले धवले ऐकता येतात. तिच्याखाली तर चिठ्ठ्यांना जागा उरली नाही. आणि आमच्याच वाट्याला हा प्रश्न यावा? एका माणसाचं एकच मोकळं हसू आमच्याजवळ आहे. बाकीचे फोटो रेशनकार्डावरचे, निवडणूक ओळखपत्रावरचे. त्यात बाबा कोणासारखेच दिसत नाहीत. हा एक फोटो होता आणि त्यातलंही हसू आता साधं राहिलं नाही.

कारण दांडा मोजणीचा असेल तर तो दिवस शेवटाच्या सुरुवातीचा होता. मार्च 1970 मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. त्यात खारभाताची शेतं होती, मिठागरं होती, खाजण म्हणजे भरतीचं पाणी येतं ती दलदलीची जमीन होती. हे आपल्याकडे पोरासोरांनाही पाठ आहे. पण त्या मोजणीत माझा बाप फावडं घेऊन उभा होता आणि हसत होता, हे मला आज कळलं.

त्यांना माहीत नव्हतं का? की माहीत होतं आणि तरी? हातात पैसे येतील म्हणून? की फोटो काढणाऱ्याने हस म्हटलं म्हणून माणूस हसतो, तसे? यातलं कुठलंही उत्तर धरलं तरी मला त्रास होतो. पहिलं धरलं तर त्यांची कीव येते आणि बाबांची कीव करायची मला सवय नाही. दुसरं धरलं तर राग येतो. तिसरं धरलं तर त्या हसण्यात बाबा राहतच नाहीत.

सोमवार

आज सकाळी पुतणीचा फोन. "आत्या, तुला ती चिठ्ठी आवडली नाही ना? काढून टाकू?"

मी म्हटलं, नंतर सांगते. मग तिला उगाच दुसरंच विचारत बसले, दालनात पंखा लागला का, दारावरचा बोर्ड सरळ केला का. तिला कळलं असणार. दादूसची, माझ्या भावाची पोरगी आहे, पण स्वभावाने दादूसवर गेली नाही. दादूसचं आणि माझं, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळतो त्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून जे झालं ते झालं. ते इथे नको.

ह्या पोरांनी समाजमंदिराच्या वरच्या खोलीत जे उभं केलंय ते बघून पहिल्या दिवशी माझा ऊर भरून आला होता. घराघरांतून फोटो मागून आणले. परत मिळेल ना, म्हणून बायका हजारदा विचारायच्या, पोरांनी प्रत्येकीला पावती दिली. खाली फरशीवर आखा परिसर रंगवलाय. आताचे सेक्टर आणि रस्ते फिकट रंगात, आणि त्यांच्यावरून गडद निळ्या पट्टीने जुने बांध, उघाडी म्हणजे बांधातली पाण्याची दारं, खाडीचे फाटे. लोक चपला काढून त्याच्यावर फिरतात. सोसायटीतल्या एक बाई आपल्या बिल्डिंगच्या जागेवर उभ्या राहिल्या आणि पायाखाली निळं बघून म्हणाल्या, "अय्या, आम्ही खाडीत राहतो?" शेजारी आमच्या गावचे म्हातारे काका उभे होते. ते म्हणाले, "खाडीत नाही ताई, खाजणात. खाडी तिकडे." आणि हाताला धरून त्यांना दाखवायला घेऊन गेले. वीस-पंचवीस वर्षं एकमेकांच्या दारावरून गेलेली माणसं. बोलली ती त्या फरशीवर.

जमिनीवर नकाशा काढायची कल्पना पुतणीने दक्षिण आफ्रिकेतल्या एका संग्रहालयावरून घेतली. केपटाउनमध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची वस्ती होती. 1966 मध्ये सरकारने ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केली आणि पुढच्या काही वर्षांत साठ हजारांवर माणसं तिथून हलवली, घरं बुलडोझरने पाडली. 1994 मध्ये तिथल्याच लोकांनी एका जुन्या चर्चमध्ये संग्रहालय उघडलं. जमिनीवर वस्तीचा नकाशा पसरला आणि पूर्वीच्या रहिवाशांनी आपापलं घर होतं तिथे स्वतःच्या हाताने नावं लिहिली. रस्त्यांच्या पाट्या पाडकाम करणाऱ्या मुकादमानेच जपून ठेवल्या होत्या, त्या त्याने आणून दिल्या. हे पुतणीने मोबाइलवर दाखवलं तेव्हा मी त्या मुकादमाकडेच अडकले. ज्याने पाडलं त्यानेच पाट्या ठेवल्या. का ठेवल्या असतील?

आमचं त्यांच्यासारखं नाही, हेही मी तिला सांगितलं होतं. त्यांना उठवलं. आम्ही उठलो नाही. गावठाण जागच्या जागी राहिलं, जमीन तेवढी गेली, आणि शहर आमच्या चहूबाजूंनी उभं राहिलं. हे फोटोत कसं दाखवणार? माणूस तिथेच आहे, फक्त त्याच्या मागचा देखावा बदललाय.

देखाव्यावरून आठवलं. पुतणीने जिन्यात एक छोटा फलक लावलाय. विल्यम जॉन्सन म्हणून फोटोग्राफर होता, त्याने मुंबईच्या जातीजमातींच्या फोटोंचं पुस्तक 1863 आणि 1866 मध्ये दोन भागांत काढलं. कोळी आहेत त्यात, आणखी पुष्कळ जाती आहेत. माणसं घेतली एकीकडे आणि मागचा देखावा नंतर जोडला. खाली जातीचं नाव. माणसाचं नाव शोधलंत तर मिळत नाही. म्हणूनच ह्या पोरांनी ठरवलं की आपल्या दालनात प्रत्येक फोटोखाली पहिल्यांदा नाव येईल, मग बाकीचं. बाबांच्या फोटोखाली त्यांचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरात आहे. बघून रडू आलं होतं मला. त्या चिठ्ठीवाल्याने ते नाव वाचलं असणारच.

कोण असेल तो? मोजणीचा दांडा ओळखणारा माणूस. मला आणि माझ्या मुलांना तो दांडा जन्मात ओळखता आला नसता.

मंगळवार

संध्याकाळी आयेकडे गेले. दादूस घरी नव्हता, बरंच झालं. आयेला मोबाइलवर फोटो मोठा करून दाखवला, दांड्यावर बोट ठेवलं. तिने चष्मा कपाळावर सारला, मोबाइल नाकाशी धरला.

"मोजनीचा हाय त्यो," लगेच म्हणाली. म्हणजे हिला ठाऊक होतं! इतकी वर्षं विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही.

मग बाबा हसत का होते गं?

"त्ये मोजनीवाले पोर आमचेकरं जेवाला येवाचे. भाकरी नि जवला. त्यातला एक शहरातला, पायान बूट. बुटासकट चिखलान रुतला गुडघ्यावर. कारला तं बूट आतच राह्यला. त्याला बघून हसला तुजा बापूस. फोटू कारनारा पन हसत व्हता."

आणि आये स्वतःच हसायला लागली, पदर तोंडाला लावून. मीही हसले. त्या घराच्या ओट्यावर आम्ही दोघी शेवटच्या कधी अशा हसलो होतो, आठवत नाही. मला वाटलं, झालं. एका पोराचा बूट चिखलात राहिला, एवढंच होतं. दोन रात्री मी कशाला जागले?

निघताना चपला घालत होते तर आये मागून म्हणाली, "नाव इचारला व्हता त्याही."

कोणाचं?

"तुजे बापसाचा. वहीन लिवला. मिठागर शेठचा, सातबारा शेठचा. आपला नाव कुठं व्हता? त्या पोराने आखा नाव इचारून लिवला, मंग म्हनाला उबा राव, फोटू कारतो. तवाचा हाय यो."

मी परत आत येऊन बसले. म्हटलं, आये, मघाशी तर बूट म्हणालीस. तर म्हणाली, "त्ये पन झाला. ह्ये पन झाला." आधी काय आणि नंतर काय, ते तिला सांगता येईना. मग कंटाळली आणि टीव्ही लावला.

रिक्षात बसून येताना मला काय वाटत होतं ते नीट लिहिता येत नाहीये. ज्या वहीत बाबांचं नाव पहिल्यांदा कोणी लिहिलं ती मोजणीची वही. आणि ते त्यावर खूश झाले असतील तर त्यात त्यांची चूक काय? वर्षानुवर्षं मीठ ओढलं, बांध घातले, उधाणाच्या रात्री उघाडीवर बसले, आणि कागदावर कुठेही नाहीत. कोणीतरी वही उघडून विचारतो, तुमचं पूर्ण नाव काय. मीसुद्धा हसले असते.

पुढे 1984च्या जानेवारीत बाबा जासईला गेले होते. जमिनीच्या मोबदल्यासाठी लढणारे शेतकरी नेते दि. बा. पाटील, त्यांच्या हाकेवर सगळा गाव गेला होता. 16 आणि 17 तारखेला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. बाबा घरी परत आले आणि कितीतरी दिवस ओट्यावर बसून असायचे, कोणी हाक मारली तरी मान वळवायचे नाहीत. तो माणूसही माझा बाप आणि फोटोतला हसणाराही. दोघांमधल्या चौदा वर्षांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. चिठ्ठीवाल्याचा प्रश्न खरं म्हणजे मला तिथे नेऊन सोडतो, आणि तिथलं मला काही माहीत नाही. आयेला माहीत असेल. तिला आजपर्यंत ह्यातलं मी काही विचारलंच नव्हतं. कोणीच विचारलं नव्हतं.

त्या माणसावरचा राग कुठे गेला ते कळलं नाही. बहुतेक ओट्यावरच गेला. त्याने 'छान फोटो' लिहिलं असतं तर मी आनंदाने घरी आले असते आणि आयेकडे गेलेच नसते. दालन ज्यासाठी उघडलंय ते हेच असणार, पोरांनी उद्घाटनाला भाषणात सांगितलं होतं, संवाद वगैरे. मी टाळ्या वाजवल्या होत्या. संवादात समोरचा आपल्याला नको ते विचारतो, ही गोष्ट टाळ्या वाजवताना मनात नसते. आता सोसायला हवी. आणि सोसली जातेय, तशी. आज व्यवस्थित जेवले.

रात्री पुतणीला फोन केला. म्हटलं, चिठ्ठी काढू नकोस. तिच्या खाली माझी लाव. ती म्हणाली, आत्या, तूच ये आणि तुझ्या हाताने लिही, फोनवर नको. म्हणून इथे आधी कच्चं लिहून ठेवतेय:

'दांडा मोजणीचा आहे हे आम्हा मुलांना माहीत नव्हतं. सांगितलंत, आभारी आहे. वडील का हसत होते याबद्दल आईकडे दोन आठवणी आहेत आणि ती दोन्हींवर ठाम आहे. तुम्ही त्या मोजणीला होतात का? बूट चिखलात राहिलेला मुलगा तुमच्या ओळखीचा आहे का? ज्या वहीत नावं लिहिली ती कुठे असेल, काही कल्पना? आई येत्या रविवारी अकरानंतर इथे असेल. जिना चढायला तिला वेळ लागतो, त्यामुळे साडेअकरा धरून चाला.'