मांदेल्लो: कोमो सरोवराचा कामकरी काठ

कोमो सरोवराजवळ राहतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे बेलाजिओला?" तर आधी नकाशा सांगते. इंग्रजी वाय अक्षर उलटं केलं की हे सरोवर झालं. पश्चिमेकडच्या पायाच्या टोकाला कोमो शहर, पूर्वेकडच्या टोकाला लेक्को, आणि दोन पाय फुटतात तिथे बेलाजिओ. नामांकित व्हिला, बागा आणि पर्यटकांची झुंबड मुख्यतः पश्चिमेला आणि मध्यावर. आम्ही पूर्वेच्या पायावर, लेक्कोच्या थोडं उत्तरेला, मांदेल्लो देल लारिओ नावाच्या दहाएक हजार वस्तीच्या गावात राहतो.

देखणेपणात गाव कुठेच कमी नाही. मागे ग्रिन्या डोंगराचे चुनखडीचे कडे थेट 2400 मीटरपर्यंत गेलेले, पुढे पाणी. पण मांदेल्लोचं नाव जगभर गेलं ते कारखान्यामुळे. मोटो गुझ्झीच्या मोटरसायकली 1921 पासून इथेच तयार होतात, आणि स्टेशनवर उतरलात की कारखाना शेजारीच. पहिल्या महायुद्धात इटलीच्या नौदलाच्या विमानदळात तिघांची मैत्री जमली: कार्लो गुझ्झी, जॉर्जो पारोदी आणि जोव्हान्नी राव्हेल्ली. युद्धानंतर मिळून मोटरसायकली बनवायच्या असं ठरलं, पण 1919 मध्ये राव्हेल्ली विमान अपघातात गेला. उरलेल्या दोघांनी बेत पुरा केला आणि त्याच्या आठवणीखातर पंख पसरलेला गरुड आपल्या गाड्यांवर लावला. तो आजही आहे. मला ही गोष्ट सरोवराच्या कुठल्याही व्हिलापेक्षा मोठी वाटते.

आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा याच कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांची जुनी गुझ्झी अंगणात ताडपत्रीखाली असते. एका रविवारी त्यांनी ती चालू केली, मला जवळ बोलावलं आणि माझा हात टाकीवर ठेवला. या गाडीचे दोन सिलिंडर टाकीखालून दोन्ही बाजूंना बाहेर आलेले असतात. त्यांनी जागेवरच ॲक्सिलरेटर पिळला आणि सगळी गाडी हाताखाली हलकेच उजवीकडे कलली. सोडला, पुन्हा सरळ. इंजिनाचा दांडा गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरतो, त्याचा हा झटका. आजोबांचा चेहरा असा काही फुलला होता की मीच पुन्हा एकदा पिळा म्हटलं.

माझं माहेर बारामतीचं. ते सांगितल्यावर इटलीत कुणाला काही कळेल अशी अपेक्षा मी कधी धरली नव्हती. आजोबांनी मात्र लगेच मान हलवली. मोटो गुझ्झी 2004 पासून पियाजिओ या वाहन कंपनीच्या मालकीची, आणि पियाजिओचा भारतातला कारखाना बारामतीत. पियाजिओच्या ज्या आपे रिक्षांतून आम्ही शाळेत गेलो, त्यांचे थोरले भाऊबंद इथल्या बोळांतून सरपण आणि द्राक्षांचे क्रेट वाहतात. त्या दिवसापासून आजोबा माझी ओळख "आमच्या कारखान्याकडची" अशी करून देतात.

कारखान्याने गावाला नौकानयनही दिलं. गुझ्झीच्या रोइंग क्लबचे चौघे 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकून आले. (स्वतंत्र भारताचं हॉकीतलं पहिलं सुवर्ण त्याच ऑलिंपिकमधलं.) क्लबच्या नावा आजही सकाळी पाण्यात दिसतात. सरोवराला वाऱ्याचं वेळापत्रक आहे. सकाळी उत्तरेकडून तिवानो, दुपारपासून दक्षिणेकडून ब्रेव्हा. हवा चांगली असली की ब्रेव्हा येणारच, आणि आला की दोरीवरचे कपडे बघता बघता वाळतात. तो आला नाही तर हवा बिघडणार असं शेजारणी सांगतात आणि कपडे आत घेतात. मीही घेते.

हिवाळा कठीण. डोंगर पूर्वेला असल्यामुळे सकाळचं ऊन फार उशिरा अंगणात पोचतं. वारेन्ना, बेलाजिओकडची बरीच हॉटेलं नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बंद. इथे मात्र कामावर जाणाऱ्यांसाठी कॉफीचे बार पहाटे उघडतात, आणि काउंटरवर उभ्याने कॉफी घेता घेता ओळखी होतात. इथे कायमचं राहायला येणाऱ्याने पहिला हिवाळा टाळू नये, असं माझं ठाम मत आहे. सुट्टीला आलेला आणि राहायला आलेला यातला फरक गावाला हिवाळ्यातच कळतो.

खाण्यात मिस्सोल्तिनीने मला जिंकलं. अगोने नावाचे सरोवरातले मासे साफ करून, मीठ लावून उन्हात वाळवतात आणि लॉरेलच्या पानांसोबत डब्यात दाबून ठेवतात. खाताना निखाऱ्यावर भाजायचे, वर व्हिनेगर, आणि सोबत पोलेंता, म्हणजे मक्याचं पीठ तासभर घोटून शिजवलेलं. बाजारच्या दिवशी आई सुकट भाजून कण्यांबरोबर वाढायची, तेच हे ताट. नवऱ्याला वास सोसत नाही. त्याचं नुकसान.

कागदपत्रांचं थोडक्यात: देशात आल्यावर आठ कामाच्या दिवसांत निवास परवान्याचा अर्ज पोस्टातून भरायचा, 16 युरोचं मुद्रांक तिकीट लावायचं, नंतर बोटांचे ठसे. पालिकेत राहता पत्ता नोंदवला की खरंच तिथे राहता का हे बघायला पालिकेचा पोलीस घरी येतो. खरी परीक्षा वाहन परवान्याची. भारतीय परवाना इथे बदलून मिळत नाही. रहिवासी झाल्यावर तो एक वर्ष चालतो, मग सगळं पहिल्यापासून. लेखी परीक्षेत 30 विधानं, 20 मिनिटं, बरोबर की चूक एवढंच सांगायचं, तीनपेक्षा जास्त चुकली की नापास. मराठी सोडा, इंग्रजीचीही सोय नाही, सगळं इटालियनमध्ये. सध्या रोज संध्याकाळी आजोबा पुस्तक घेऊन अंगणात बसतात आणि मला विधानं वाचून दाखवतात. गोल चौकात आधी कोणी जायचं यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.