प्रत्येकाची शेवटची नोंद

काम ऐकायला सोपं होतं. प्रशिक्षणाच्या नोंदींची एक्सेल फाइल, चाळीस हजारांवर ओळी, एकेका कर्मचाऱ्याच्या पाच-पाच, दहा-दहा नोंदी. त्यातली प्रत्येकाची फक्त शेवटची नोंद वेगळ्या शीटवर हवी. तीही दर महिन्याला, म्हणून मॅक्रो: एकदा ठरवून दिलेल्या पायऱ्या एक्सेल आपोआप पुन्हा करतं.

पहिला मॅक्रो नुसता रेकॉर्ड केला. तारखेवर उतरता सॉर्ट, मग कर्मचारी क्रमांकावर रिमूव्ह डुप्लिकेट्स. ते वरून पहिली सापडलेली ओळ ठेवतं आणि खालच्या उडवतं, त्यामुळे नवी तारीख वर असली की झालं. दोन सेकंदांत यादी हजर. (मॅक्रोनंतर अनडू होत नाही, हे मूळ शीटवरच प्रयोग करून कळलं. सेव्ह केलं नव्हतं म्हणून वाचलो.)

यादी वाचताना मात्र खटकलं. वरच्या सगळ्या नोंदी ३१ तारखेच्या, मग ३०, मग २९. सगळे जण महिनाअखेरीलाच शिकतात की काय? एकाच माणसाच्या नोंदी फिल्टर लावून पाहिल्या. २५/०३/२०२३ सेलच्या डाव्या कडेला चिकटलेली, ४/९/२०२३ उजव्या. डावीकडची नुसता मजकूर होती, उजवीकडची खरी तारीख. एक्सेल तारीख आकडा म्हणून साठवतं, १५ मार्च २०२३ म्हणजे ४५०००. आणि उतरत्या सॉर्टमध्ये मजकूर आकड्यांच्या वर जाऊन बसतो. मार्चने सप्टेंबरला हरवलं ते असं.

पण खरी मेख पुढेच होती. ज्या संगणकावर मूळ सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) डबल क्लिकने उघडली, त्याच्या सेटिंगमध्ये महिना आधी होता. पंचविसावा महिना नसतो, म्हणून ती तारीख मजकूर राहिली. ४ सप्टेंबर मात्र गुपचूप ९ एप्रिल झाला होता, आणि दिसत होता अगदी शहाण्यासारखा. उलटलेल्या तारखा मॅक्रोने परत फिरवता आल्या असत्या, पण मधल्या काळात कुणी हाताने दुरुस्त केलेल्या कुठल्या, हे कसं ओळखणार? सीएसव्ही पुन्हा इम्पोर्ट केली, तारखेच्या कॉलमला दिवस-महिना-वर्ष असा क्रम सांगून.

मग मॅक्रोही नव्याने लिहिला. सॉर्टच्या भानगडीत न पडता डिक्शनरी घेतली, म्हणजे जोड्यांची यादी, जिच्यात प्रत्येक ‘की’ एकदाच येते आणि तिच्यासोबत एक ‘व्हॅल्यू’ साठवता येते: कर्मचारी क्रमांक ही की, ओळीचा नंबर ही व्हॅल्यू, पुढची तारीख मोठी निघाली की नंबर बदलायचा. चालवला तर ‘ओव्हरफ्लो’, म्हणजे आकडा मावत नाही. ओळ मोजणारा व्हेरिएबल इंटिजर (छोट्या पूर्णांकांचा प्रकार) ठेवला होता आणि त्याची धाव ३२,७६७ पर्यंतच. लाँग (मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) केलं. तरी काही जण यादीत दोनदा! आकडा असलेला ४१७ आणि मजकूर असलेला ४१७ या डिक्शनरीच्या लेखी दोन वेगळ्या की. सगळे क्रमांक आधी मजकुरात बदलून घेतले. एकाच दिवशी दोन नोंदी असतील तर कुठली धरायची, हा प्रश्न माझा नव्हताच. काम देणाऱ्यांना विचारलं, खालची म्हणाले. ‘मोठी’च्या जागी ‘मोठी किंवा समान’ केलं.

सगळ्यात वर एक तपासणीही घातली: तारखेच्या कॉलममध्ये मजकूर दिसला की थांबायचं आणि ओळ सांगायची. पुढच्याच महिन्यात मॅक्रो १८२ व्या ओळीवर थांबला. जाऊन पाहिलं तर तारखेच्या जागी कुणीतरी लिहिलं होतं, ‘गैरहजर’.