चौथा गडी

रद्दीवाला दारात काटा लावून बसला होता आणि गठ्ठ्यातून एक लांबट, लाल पुठ्ठ्याची वही घसरून खाली पडली. मी पुढं व्हायच्या आत हिनं ती उचलून माझ्या हातात दिली. म्हणाली, "ही दुसऱ्यांदा वाचली. तिसऱ्यांदा मी बघणार नाही."

वहीत फार काही नाही. 1991 ते 2022, वर्षाला एक पान. पानावर चार आकडे आणि खाली त्यांची बेरीज. माणदेशातल्या एका कॉलेजात क्रीडा संचालक म्हणून मी 31 वर्षं काढली, त्याचा हिशेब तेवढाच आहे. लग्नाकार्यात भेटलेली माणसं विचारतात, "सर, तुमची किती पोरं नॅशनलला गेली?" मी म्हणतो, चहा घ्या.

क्रॉसकंट्री म्हणजे रानामाळातून पळायची लांब पल्ल्याची शर्यत. तिच्यात टीमचा निकाल बेरजेवर लागतो. पहिल्याला 1, दुसऱ्याला 2, सतराव्याला 17. ज्यांची बेरीज कमी, ती टीम वर. जागतिक स्पर्धेत आता सहा जण पळतात आणि पुढच्या चौघांचे क्रमांक धरतात, अमेरिकेतल्या कॉलेजांत सात पळतात, पाचांचे धरतात. आमची बेरीज चौघांची. म्हणजे तुमचा एक पोरगा पहिला आला, दुसरा तिसरा आला आणि चौथा साठावा आला, तर पहिल्या दोघांनी काढलेला घाम त्या साठात बुडाला. पेपरात फोटो पहिल्याचा येतो. टीम जिंकते की हरते ते चौथा ठरवतो.

हे मला पहिल्याच वर्षी कळलं, आणि ते एका विहिरीवर. तेव्हा मुलांचं अंतर 12 किलोमीटर होतं. ऑक्टोबरची सुरुवात, नुकत्याच निघालेल्या बाजरीच्या रानातून वाट काढलेली, पायाखाली धसकटं. माझे तिघं दुसरा, पाचवा, नववा असे आले. इतकी चांगली सुरुवात बघून मी मनातल्या मनात ढाल कपाटात कुठं ठेवायची तेसुद्धा ठरवलं. चौथा काही येईना. शेवटी उलट चालत गेलो, तर गडी एका जुन्या विहिरीच्या थारोळ्यात पाय सोडून बसलेला. "सर, पानी बघितलं आन् ऱ्हावलं न्हाई." आमच्याकडच्या पोराला यावर रागवायचं तरी कसं! वहीच्या पहिल्या पानावर तीनच आकडे आहेत. बेरीज नाही.

त्यानंतर दर जूनला ॲडमिशन सुरू झाली की मी पहिला गडी शोधायचा सोडून चौथा शोधायला लागलो. पहिला आपोआप सापडतो, शाळेपासूनच त्याचं नाव झालेलं असतं. चौथा पहाटे साडेपाचला मैदानावर सापडतो, भरतीवाल्यांच्या घोळक्यात. बारावीचं शिकणं निमित्तमात्र, डोळा पोलीस नाहीतर मिलिटरीवर. त्याला क्रॉसकंट्रीचं काही पडलेलं नसतं. त्याला 1600 मीटर पळायचं असतं, म्हणून त्याच्याशी 1600 चीच भाषा बोलायची. "बारा किलोमीटर पळणाऱ्याला सोळाशे म्हणजे पानटपरीपर्यंत जाऊन येणं," असं मी सांगायचो. निम्मं खरं होतं ते. उरलेलं निम्मं असं की ऐन स्पर्धेच्या आठवड्यात कुठंतरी भरती निघायची आणि माझा चौथा आदल्या रात्री एसटीत बसून निघून जायचा. सुरुवातीची काही वर्षं मी यावरून पोरांशी अबोला धरला. नंतर लाज वाटली. घरात दोन एकर कोरडवाहू आणि लग्नाची बहीण असलेल्या पोरानं माझ्या बेरजेसाठी थांबावं, ही अपेक्षाच कुठली?

माझा सगळ्यात चांगला चौथा मेंढक्याचा पोरगा होता. थंडी सुरू झाली की घरची मंडळी मेंढरं घेऊन खाली बागायती मुलखाकडं उतरायची, हा आजीपाशी राहायचा. वेगवान अजिबात नव्हता. पण पहिल्या दोन वर्षांत तो कधी पंधराच्या आत आला नाही आणि वीसच्या बाहेर गेला नाही. घड्याळ लावावं असा पळायचा. त्याच्या जिवावर एका वर्षी आमची बेरीज 31 झाली: 3, 5, 7 आणि त्याचे 16. वहीतला सगळ्यात छोटा आकडा तोच.

आणि त्याचंच मी वाटोळं केलं.

तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये म्हणायला लागला, नडगी दुखते. मी म्हटलं, मिठाच्या पाण्यानं शेक, तेल लाव, दुखणं अंगावर काढायला शीक. आठवड्याला 60 किलोमीटर पळणाऱ्या पोराला मी त्या महिन्यात 90 वर नेलं होतं, तेही डांबरी रस्त्यावर, कारण पावसानं मैदानात चिखल होता. त्यानं बोट ठेवून दाखवलं होतं, रुपयाच्या नाण्याएवढी जागा. आज कुणी पोरगं असं बोट ठेवून एकच ठिकाण दाखवायला लागलं तर मी त्याला पळणं सोडाच, जिनाही चढू देणार नाही. स्नायू दुखतो तेव्हा पोरं अख्ख्या पायावरून हात फिरवतात. एका बोटाएवढंच दुखतं तेव्हा हाड धरायचं. साताऱ्यात एक्स-रे काढला, स्वच्छ आला आणि मी शेर झालो: बघ, काही नाही. असली बारीक चीर पहिल्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही, हाड भरायला लागल्यावर दोन-तीन आठवड्यांनी दिसते, हे मला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं. दुसऱ्या एक्स-रेत दिसली. त्याची स्पर्धा गेली, त्या वर्षीची भरती गेली, पुढच्या वर्षी वय गेलं. आता टेम्पो चालवतो. रस्त्यात भेटला की गाडी बाजूला घेऊन खाली उतरतो आणि पायाला हात लावतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या ॲलामोसा या गावी जो व्हिजिल नावाचे एक कोच होते. गाव उंचावर, साडेसात हजार फुटांवर, आणि आमच्यासारखंच कमी पावसाचं. तिथल्या ॲडम्स स्टेट कॉलेजात त्यांनी उभी हयात काढली. 1992 च्या कॉलेजांच्या दुसऱ्या गटाच्या (डिव्हिजन 2) राष्ट्रीय क्रॉसकंट्रीत त्यांच्या पोरांची बेरीज 15 होती. म्हणजे पहिले पाचही त्यांचेच! त्याहून छोटी बेरीज गणितात बसत नाही. हा माणूस शरीरशास्त्रात डॉक्टरेट केलेला. हे वाचलं तेव्हा मला तो 15 आकडा विसरून त्या डॉक्टरेटचाच हेवा वाटला.

ललिता बाबर माझी विद्यार्थिनी नव्हे, हे आधी सांगून टाकतो, कारण 2016 नंतर तालुक्यातला प्रत्येक पीटी मास्तर तिचा गुरू झाला होता. पण तिचं गाव मोही आमच्याच तालुक्यातलं. रिओत 13 ऑगस्टला तिनं 3000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, 9 मिनिटं 19.76 सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला आणि फायनल गाठली. ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर भारतीय बाई फायनलला, 1984 च्या पी. टी. उषानंतर पहिल्यांदाच. फायनल नेमकी 15 ऑगस्टच्या संध्याकाळी. सकाळी झेंडावंदनाला आलेली पोरं संध्याकाळी आमच्या टीव्हीसमोर मांडी ठोकून बसली होती. ती दहावी आली. दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर अकरा मुली होत्या. एरवी दोन असायच्या. एकीचे वडील बाभळीखाली मोटारसायकलवर बसून राहिले, पोरगी पळते कशी ते बघत. पोरीला घरी न्यायला आलेत असं मला वाटलं होतं. महिनाभर येऊन बसले, एक शब्द बोलले नाहीत. दिवाळीपर्यंत अकराच्या चार राहिल्या. पण चार म्हणजे टीम! वहीत मुलींच्या बाजूला पहिली पूर्ण बेरीज त्या वर्षाची आहे.

रिटायर झाल्यावरही पहाटे मैदानावर जातो, चालायला. गेल्या आठवड्यात एक पोरगं घड्याळ दाखवत आलं. "सर, सोळाशे पाच अठ्ठावीस!" सैन्यभरतीत साडेपाच मिनिटांच्या आत पळालं की 60 गुण, त्यानंतर पावणेसहापर्यंत 48. मी दोन फेऱ्या नुसता बघत उभा राहिलो. आमचा ट्रॅक 200 मीटरचा, आठ फेऱ्या. पावसात वळणावरची फक्की वाहून गेलेली, आणि सगळी पोरं वळणावर मीटरभर आतून जात होती. मीटरभर आत म्हणजे फेरीला सव्वासहा मीटर कमी. आठ फेऱ्यांत 50. म्हणजे त्याचं खरं टायमिंग पाच अडतीसच्या आसपास.

त्याला सांगितलं तर तोंड एवढंसं झालं.

घरी येऊन माळ्यावरून दोरी, टेप आणि खिळा काढला. वळणाची त्रिज्या 18 मीटर, सरळ बाजू 42 मीटर 82. पाऊल रेघेवर न पडता 20 सेंटिमीटर बाहेरून पडतं, असं धरून हा हिशेब. तोंडपाठ आहे, वही लागत नाही. खिळा त्या पोराच्याच हातात दिला, गुडघ्यावर बसवलं आणि मी फक्कीचं घमेलं घेऊन दुसऱ्या टोकाला गेलो. दोरी मध्येच सैल पडायला लागली.

"ताण की लेका," म्हटलं.