ट्यूबलेस मोटरसायकलसाठी पंक्चर किट घेताना

किट घ्यायला दुकानात जाण्याआधी गाडीचं चाक बघा. तारांचं चाक असेल तर बहुतेक वेळा आत ट्यूब असते, मग टायरवर ‘ट्यूबलेस’ छापलेलं का असेना. अशा चाकात सुई-स्ट्रिपचं किट (भोकात सुईने चिकट रबरी पट्टी बसवायचं) वापरलं तर सुई ट्यूबमध्ये घुसते आणि पॅच लावून भागलं असतं ती ट्यूबही जाते. अलॉय व्हीलमध्येही, विशेषतः जुनी गाडी घेतली असेल तर, वॉल (हवा भरायची नळी) तपासा. वॉलचं बूड रबरी असेल तर बहुधा ट्यूबलेस. आट्यांचा धातूचा वॉल आणि रिमला टेकलेला नट दिसला तर आत ट्यूब असू शकते, पंक्चरवाल्याला विचारून घ्या.

चाक ट्यूबलेस आहे हे पक्कं झालं की किटमध्ये सगळ्यात आधी दोन हत्यारं बघायची: भोक घासायची कानशीसारखी सळई आणि स्ट्रिप ओवायची सुई. स्वस्त किट इथेच दगा देतं. प्लास्टिकची मूठ जोर लावला की सळईवर नुसती फिरते, सुईचा डोळा उघडून वाकतो. मूठ टी आकाराची आणि शक्यतो धातूची हवी, सळई तिच्यात आरपार गेलेली किंवा नीट वेल्ड केलेली हवी. स्क्रूड्रायव्हरसारख्या सरळ मुठीने टायरमध्ये सुई घालायला तळहाताचं कातडं सोलून निघतं. किटमध्ये किती स्ट्रिप आहेत हे पाहून किंमत ठरवू नका. पाच चांगल्या पुरतात.

स्ट्रिप मात्र ताजी हवी. बोटाने दाबली की चिकटली पाहिजे, ताणली तर तुटता कामा नये. खान्देशचा उन्हाळा यांचा शत्रू आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून जास्त तापतं. स्ट्रिप कोरड्या पडतात, सोल्युशनची, म्हणजे रबर चिकटवायच्या डिंकाची, ट्यूब न उघडताही आत सुकते. म्हणून स्ट्रिप हवाबंद पाकिटातल्याच घ्या आणि उन्हाळा सुरू होण्याआधी किट एकदा उघडून बघा.

हवेचा विचार लोक शेवटी करतात, खरं तर तो आधी करायला हवा. भोक बुजवलं आणि हवा नाही, तर गाडी तिथेच. 12 व्होल्टचा कारचा पंप 8-10 अँपिअर खेचतो, तर 100 सीसीच्या गाडीची बॅटरी जेमतेम 3-4 अँपिअर-तासांची असते. फ्यूज उडतो किंवा बॅटरी बसते. कार्बन डायऑक्साइडचं 16 ग्रॅमचं एक नळकांडं मागच्या टायरला निम्म्याच्या आसपास हवा देतं, म्हणजे दोन-तीन लागतात. चार्जिंगचा छोटा पंप सोयीचा, पण तो तापत्या डिकीत ठेवू नये आणि महिन्यातून एकदा चार्ज करावा. तोरणमाळ, धडगावकडच्या घाटात किंवा पालच्या जंगलरस्त्यावर जाणार असाल तर साधा हातपंप सोबत असू द्या. दोनशेच्या घरात दट्टे मारावे लागतात, पण तो कधी डिस्चार्ज होत नाही. प्रेशर गेज वेगळा घ्या.

आता प्रत्यक्ष काम. शेतरस्त्याने आपल्याकडे खिळ्यापेक्षा बाभळीचा काटा जास्त सापडतो, आणि बांधावर पसरलेल्या काट्यांवरून गेलं की एका टायरला तीन-चार लागतात. काटा दिसला की लगेच उपटू नका. हवा हळू जात असेल तर तसंच पंक्चरच्या दुकानापर्यंत जाता येतं. दुरुस्ती रस्त्यातच करायची असेल तर आधी सोल्युशन, सळई, ओवलेली सुई सगळं हाताशी ठेवा, जागेवर खडूची खूण करा, मग पक्कडने ज्या कलात काटा शिरला त्याच कलात ओढा. टोक आत मोडून राहिलं तर भोक पुन्हा गळतं, म्हणून काटा पूर्ण निघाला का ते पाहा. बाकीची भोकं शोधायला साबणाचं पाणी लावा.

सळईला सोल्युशन लावून त्याच कलात दहा-पंधरा वेळा आत-बाहेर घासा. स्ट्रिप सुईत मधोमध ओवा, तिलाही सोल्युशन लावा, आणि दोन्ही शेपट्या साधारण दीड सेंटिमीटर बाहेर राहतील इतकी आत ढकला. मग सुई सरळ, एका झटक्यात ओढा. पिळून काढली तर स्ट्रिपही सोबत येते. राहिलेलं टोक नक्षीच्या पातळीपेक्षा किंचित वर कापा, अगदी सपाट नको. हवा भरा, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. किती प्रेशर ते गाडीच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं.

बाजूला भोक असेल, टायर कापलेला असेल किंवा भोक 6 मिलिमीटरहून मोठं असेल, तर स्ट्रिप लावू नये. बाजूला टायर वाकत असतो आणि स्ट्रिप निघून येऊ शकते. सपाट टायरवर गाडी चालवली तर टायर रिमवरून सुटतो, मग छोट्या पंपाने तो बसतच नाही.

स्ट्रिपवर वेग कमी ठेवा आणि पहिल्या संधीला आतून पॅच लावून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, प्रेशर एकदा तपासा. सोल्युशनची ट्यूब एकदा फोडली की ती संपली असं धरून किटमध्ये दुसरी टाका.