फ्लँज, तानपुरा आणि दशावतार

गाजलेल्या मालिकांबद्दल मला काही सांगायचं नाही. त्या तुम्ही पाहिल्यात, सोसायटीच्या ग्रुपवर त्यांची चिरफाडही होऊन गेलीय. मला लिहायचंय ते ओटीटीवाल्यांनी स्वतः आणलेल्या, पण कुणी फारशा न पाहिलेल्या चार गोष्टींबद्दल. चारही मला एकाच कारणासाठी आवडतात. त्यांत माणसं काम करताना दिसतात.

तुम्ही म्हणाल, त्यात काय? आठवून बघा. आपल्या मालिकांतला इंजिनिअर कधी ड्रॉइंग उघडतो? नायिका म्हणे मोठ्या कंपनीत असते, पण तिचा लॅपटॉप फक्त भांडण झाल्यावर धाडकन बंद करण्यासाठी असतो.

मी भोसरी एमआयडीसीत पाइप फिटिंगच्या (पाइप जोडायच्या फ्लँज वगैरे) एका कारखान्यात क्यूसीला, म्हणजे मालाच्या तपासणीला आहे. २०२४च्या सप्टेंबरात मेट्रो स्वारगेटपर्यंत आली आणि माझं नशीब फळफळलं. स्वारगेटला बसायचं, नाशिक फाट्याला उतरायचं, आणि मधला वेळ माझ्या एकटीचा. रात्री घरच्या वायफायवर डाऊनलोड करून ठेवते. सांगायचा मुद्दा, मी जे पाहते ते गर्दीत, दांड्याला लटकून, त्यामुळे भिकार काही असेल तर तिसऱ्या स्टेशनला बंद होतं.

'पॅट्रियट' मात्र बंद झाली नाही. ॲमेझॉन प्राइमवरची स्टीव्हन कॉनरॅडची ही मालिका, पहिला सीझन २०१७चा, दुसरा २०१८चा, पुढे गाशा गुंडाळला. नायक जॉन टॅव्हनर अमेरिकेचा गुप्तहेर. वडीलच त्याचे साहेब. पोरगं आतून पार मोडलंय हे दिसत असूनही ते त्याला पुढच्या कामगिरीवर धाडतात. खरी ओळख लपवण्यासाठी त्याला नोकरी धरायची असते, आणि कुठे? तर मिलवॉकीतल्या एका औद्योगिक पायपिंग कंपनीत! पायपिंगमधलं ओ की ठो कळत नाही, तरी नोकरी हवी. म्हणून हा गडी दुसऱ्या उमेदवाराला चक्क ट्रकपुढे ढकलतो.

इथपर्यंत मी नुसती हसत होते. मग त्याचा तिथला साहेब, लेस्ली, बोलायला लागला. हे काम कर्टवुड स्मिथने केलंय. कंपनीचं काम काय हे तो एका दमात, चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगत सुटतो. त्यात ब्रॅकेट, ब्रास, कॅप असे आपल्या ओळखीचे शब्द येतात आणि मधेमधे असे शब्द, जे जगातल्या कुठल्याच कॅटलॉगमध्ये नाहीत. पण चाल अस्सल! बाहेरून तपासणीला आलेल्या पाहुण्यासमोर आमचे साहेब हायड्रो टेस्टबद्दल (पाण्याच्या दाबाच्या चाचणीबद्दल) बोलतात, तो सूर, ती खात्री, अगदी तीच. दुपारी डबा खाताना मी तो तुकडा डिझाइनच्या पोरांना दाखवला. एक जण गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, यातलं निम्मं आपल्या डेटाशीटमध्ये टाकलं तरी कस्टमर विचारणार नाही." त्यानंतर आमच्याकडे कुणी फारच तांत्रिक बोलायला लागलं की बाकीचे हळूच "लेस्ली" म्हणतात.

आणि या सगळ्या गमतीखाली जॉनची दमणूक आहे. तो गिटार घेऊन गाणी म्हणतो, आणि गाण्यांत सरकारी गुपितं सांगून टाकतो. दुसरं कुणाला सांगणार बिचारा? हे सगळं सावकाश चालतं, पहिले दोन भाग तर फारच. ज्यांना दहा मिनिटांत मुडदा लागतो त्यांनी वाटेला जाऊ नये. मुलांसमोरही लावू नका.

'द डिसायपल' पुण्यात तरी सगळ्यांनी पाहिला असेल असं मला वाटायचं. छे! चैतन्य ताम्हाणेचा मराठी सिनेमा, २०२०मध्ये व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालेला, कार्यकारी निर्माता अल्फोन्सो क्वारोन, २०२१च्या ३० एप्रिलला नेटफ्लिक्सवर आला. आणि सवाई गंधर्व महोत्सवाला दरवर्षी सतरंजी घेऊन जाणारी आमची मंडळी म्हणतात, "संथ आहे हो फार." अहो, विलंबित ख्याल तासभर ऐकता ना?

शरद नेरुळकर गाणं शिकतोय, आणि पोटासाठी जुन्या ध्वनिमुद्रणांच्या सीडी काढणाऱ्या छोट्या संस्थेत काम करतोय. मैफिलीच्या बाहेर टेबल मांडून त्या विकायच्या, गुरुजींना डॉक्टरकडे न्यायचं, त्यांचे पाय चेपायचे. गुरुजींच्या भूमिकेतले पं. अरुण द्रविड खरोखरीचे जयपूर घराण्याचे गायक, किशोरीताई आमोणकरांचे शिष्य, आणि शिक्षणाने केमिकल इंजिनिअर. (हे कळल्यावर मला उगाचच अभिमान वाटला.) रात्री शरद रिकाम्या रस्त्यावरून मोटारसायकल चालवतो आणि कानात गुरुजींच्या गुरू माईंचं व्याख्यान चालू असतं, मागे तानपुरा. माई कधीच दिसत नाहीत. तो आवाज सुमित्रा भावेंचा, आपल्या पुण्याच्या, 'देवराई' आणि 'कासव'वाल्या. सिनेमा नेटफ्लिक्सवर यायच्या अकरा दिवस आधी त्या गेल्या.

हा एक मी मेट्रोत पाहिला नाही, घरी सासूबाईंबरोबर पाहिला. त्या स्वतः दहा-बारा वर्षं गाणं शिकलेल्या. स्पर्धेत शरदचं नाव येत नाही तिथे मी म्हटलं, "पण आई, तो वाईट कुठे गातोय?" त्या म्हणाल्या, "नाहीच गात वाईट. वाईट गात असता तर सोडून तरी दिलं असतं." समीक्षा म्हणून याहून जास्त मला काही वाचायला मिळालेलं नाही.

'पिकासो' त्या मानाने छोटा. अभिजित मोहन वारंगचा, २०२१मध्ये थेट प्राइमवर आलेला. कोकणातल्या गंधर्वची चित्रकलेच्या शिष्यवृत्तीसाठी निवड होते, पण फीचे पैसे भरायचे तर वेळ उरलेला नाही, आणि बाप दशावतारी नाटकातला नट, दारूत बुडालेला. गोष्ट एवढीच. पण प्रसाद ओक स्वतःच्या हाताने तोंडाला रंग लावतो आणि मग देवळात उभा राहतो, तिथे सिनेमा घाई करत नाही. दशावतारात संवाद लिहून दिलेले नसतात, उभ्या उभ्या सुचायला लागतात. समोर पोरगा बसलाय हे ठाऊक असलेला नट काय बोलेल, ते बघाच. शेवट मला थोडा गोड वाटला, पण चालतंय.

'पांडू'बद्दल थोडक्यात. एमएक्स प्लेअरवर २०१९मध्ये आलेली, मुंबईतल्या दोन हवालदारांची. सुहास शिरसाट आणि दीपक शिर्के. पिस्तूल रोखून धावणारे पोलीस आपण ढिगाने पाहिलेत, इथले बंदोबस्ताला उभे राहून पाय दुखलेले आहेत. तो प्लॅटफॉर्म २०२४मध्ये ॲमेझॉनकडे गेला आणि नाव 'ॲमेझॉन एमएक्स प्लेअर' झालं, त्यामुळे शोधताना नव्या नावाने शोधा. आणि ॲप समोर आणून ठेवेल म्हणून वाट बघत बसू नका. मी एकदा एक खुनाची मालिका पाहिली, तर महिनाभर मला प्रेतंच दाखवत होते. नाव टाइप करायचं, डाऊनलोड करायचं, आणि पहिल्या दोन भागांत कंटाळा आला तर मला नाही, लेस्लीला बोला.