आमची वाटचाल: भालूपासून सुरू झालेलं केनेल

वाईहून धोमकडे जाताना रस्त्याला लागून आमची पेरूची बाग आहे. चौदा वर्षांपूर्वी तिथं राखणीला राणी नावाची जर्मन शेफर्ड मादी आणली. पहिल्या वेताला सात पिल्लं झाली. सहा आईसारखी आखूड केसांची. सातवं चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून वेगळं दिसायला लागलं. कानांमागे लोकरीसारखे झुबके, मागच्या मांड्यांना झालर, पंजाच्या बोटांमधूनही केस. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणे, ‘भेसळ झाली.’ मी ते कुणाला तरी देऊनच टाकणार होतो, पण आमच्या हिनं ठेवून घेतलं. त्याचं नाव भालू, आणि आमचं केनेल त्याच्यापासून सुरू झालं.

भेसळ नव्हती, हे पुढे डॉक्टरांनी समजावलं. लांब केसांचा गुण दबलेला असतो. आई आणि बाप दोघांकडे तो लपलेला असेल, तर प्रत्येक पिल्लामागे चारात एक अशी लांब केसांची शक्यता. जर्मनीत 1899 साली या जातीची संघटना उभी राहिली तेव्हा हा मेंढ्या राखणारा कामकरी कुत्रा होता. लांब केस पुढे बरीच वर्षं दोष धरले गेले. 2010 च्या जातीच्या मानकात, म्हणजे कुत्रा कसा असावा हे ठरवणाऱ्या नियमावलीत, लांब केसांच्या प्रकाराला जागा मिळाली, पण अट अशी की आतली दाट लव हवीच.

या लवेवरूनच बाजारात सगळा घोळ आहे. ‘डबल कोट’, ‘ट्रिपल कोट’, ‘डबल बोन’ (म्हणजे जाड हाडांचा) असे शब्द वापरून पिल्लं दुप्पट भावाला विकली जातात. वरचे राठ केस आणि आतली मऊ लव असा दुहेरी कोट प्रत्येक चांगल्या जर्मन शेफर्डला असतो, आखूड केसांच्याही. ट्रिपल कोट नावाची गोष्टच नाही. सुरुवातीला एका दलालाच्या आग्रहावरून आमच्याही जाहिरातीत ‘डबल कोट’ लिहिलं होतं. लांब केस समजून आखूड केसांचं पिल्लू घेऊन गेलेलं कोरेगावचं एक कुटुंब वर्षानं परत आलं. कुत्रा उत्तम होता, पण आमच्या शब्दानं त्यांची फसवणूक झाली होती. आम्ही निम्मे पैसे परत केले. त्या दिवसापासून दलाल बंद, आणि फक्त ‘लांब केस’ किंवा ‘आखूड केस’ एवढंच लिहितो.

तिसऱ्या वर्षी पार्व्हो आला, पिल्लांच्या आतड्यांना होणारा जीवघेणा संसर्ग. सुट्टीच्या दिवशी पिल्लं बघायला माणसं येत, चपलांसह थेट आत जात, पिल्लं उचलत. आम्ही कधी अडवलं नाही. एका सोमवारी सकाळी सगळ्यात धीट पिल्लू खाण्याकडे पाठ करून कोपऱ्यात बसलं होतं. संध्याकाळपर्यंत उलट्या, रक्ताची हगवण. सहापैकी चार गेली. रात्रभर सलाईनची बाटली हातात धरून बसलेली ही मला अजून दिसते. हा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनेलला दाद देत नाही, क्लोरीन लागतं. वर्षभर आम्ही वेत घेतलं नाही. आता दारात ब्लीचच्या पाण्याचं पायपुसणं आहे, आणि पहिली लस टोचल्याशिवाय पिल्लाला बाहेरचा हात लागत नाही. सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डॉक्टर सांगतील ते सगळे डोस पूर्ण करायचेच.

2017 च्या केंद्र सरकारच्या कुत्र्यांच्या पैदाशीच्या नियमांनी आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आली. आम्ही त्याआधीपासूनच देत नव्हतो. पाच आठवड्यांत आईपासून तोडलेलं पिल्लू चावण्याचा जोर आवरायला शिकत नाही, आणि मोठेपणी त्याचा त्रास घरातल्या लहान मुलांना होतो.

आमच्याकडे येणाऱ्याला आधी आई दाखवतो. ती अनोळखी माणसाला पाहून पाय मुडपून मागे सरत असेल, तर पिल्लू कितीही गोंडस असो, घेऊ नये. दोन्ही आईबापांच्या खुब्याचे एक्स-रे मागावेत. आमची चांदणी दिसायला सगळ्यांत देखणी, पण तिचा खुबा सैल निघाला, म्हणून तिचं वेत कधीच घेतलं नाही. ती घरातच म्हातारी झाली.

केसांचं सांगायचं तर आपल्याकडे उन्हाळ्यापेक्षा पावसाळा अवघड. वाईच्या पावसात भिजलेली लव आतून दोन दोन दिवस ओली राहते, वरून मात्र कोरडी वाटते. मग खाज, वास, लाल चट्टे. टॉवेलनं पुसून भागत नाही, केस बाजूला सारून गार हवेच्या ड्रायरनं मुळापर्यंत सुकवावं लागतं. आठवड्यातून तीनदा विंचरायचं, कानामागे आणि मांडीखाली बोटं घालून बघायचं, गाठी तिथंच धरतात, गोचीडही तिथंच. मे महिन्यात केस भादरू नका. हा कोट उन्हापासून कातडी सांभाळतो, आणि भादरलेला कोट पुष्कळदा ठिगळं लागल्यासारखा परत येतो.

सगळ्यात जास्त फोन कानांसाठी येतात. चौथ्या-पाचव्या महिन्यात दात बदलताना उभे कान पुन्हा पडतात, लोक घाबरून कॅल्शियमचं सिरप सुरू करतात. मोठ्या जातीच्या पिल्लाला जादा कॅल्शियम दिलं तर हाडं आणि सांधेच बिघडतात. पिल्लांचं चांगलं खाद्य द्या आणि थांबा.

भालू गेल्या वर्षी गेला. दरवर्षी धनगरांच्या मेंढ्या रस्त्यानं जायच्या तेव्हा तो कुंपणाला येऊन कान टवकारून उभा राहायचा, शेवटची मेंढी नजरेआड होईपर्यंत हलायचा नाही. यंदा आमच्याकडे एकच वेत आहे, त्याच्या नातीचं. पाचही पिल्लांना अजून चार आठवडे आईजवळच राहायचंय. भेटायला यायचं असेल तर सकाळी फोन करा, चपला बाहेर काढाव्या लागतील.