‘कॉल’ म्हणायला लागलेले तीन मंगळवार

न्यू जर्सीत लेकीकडे सहा महिने होते, तेव्हा शेजारच्या बाईंनी चौथा भिडू कमी पडतोय म्हणून मंगळवारी माह जाँगला बोलावलं. मला वाटलं, रमीच असेल, फक्त पत्त्यांऐवजी टाइल्स. टाइल्स 152, त्यात 8 जोकर. शिवाय नॅशनल माह जाँग लीगचं त्या वर्षीचं कार्ड. त्यावर छापलेल्यांपैकीच एक हात, म्हणजे टाइल्सचा ठरावीक संच, जुळवायचा. सुरुवातीच्या चार्ल्स्टन नावाच्या अदलाबदलीतच माझं डोकं गरगरलं.

खरी पंचाईत पुढे. रमीत आधीच्या भिडूने टाकलेलं पान तेवढं आपलं. इथे कुणीही टाकलेली टाइल कुणीही मागू शकतं. टाकणारी नाव घेते, ‘टू बॅम’ (बॅम, क्रॅक, डॉट हे पत्त्यांच्या रंगांसारखे टाइल्सचे प्रकार) किंवा ‘सोप’ (पांढऱ्या ड्रॅगनला चक्क साबण म्हणतात!), आणि हवी असेल तिने लगेच ‘कॉल’ म्हणायचं. पुढचीने नवी टाइल उचलून रॅकवर, म्हणजे समोरच्या टाइल्स ठेवायच्या पट्टीवर, ठेवली की संपलं.

पहिल्या मंगळवारी माझ्याकडे दोन ‘फोर क्रॅक’ होते. तिसरा पडला. मी कार्डावर खात्री करून घेतली आणि गुपचूप हात पुढे केला. तोवर पुढचीची टाइल रॅकवर. हवं असलं तरी आधी दोनदा ‘नको’ म्हणायची माझी सवय, ती इथे नडली.

पुढच्या मंगळवारी उलटंच. ‘सोप’ पडल्या पडल्या ओरडले, उचलून रॅकवर ठेवला, शेजारी माझा एक मांडून जोडी उघडली. जोडीसाठी टाइल मागता येते ती फक्त त्याच टाइलने डाव जिंकत असलात तरच! नुसतं तोंडाने म्हटलं असतं तर मागे घेता आलं असतं, मांडल्यावर नाही. माझा हात ‘डेड’. डाव संपेपर्यंत नुसती बसून राहिले आणि जिंकणारीला पैसे मात्र दिले.

तिसऱ्या मंगळवारी ‘सिक्स डॉट’ पडला. मी खणखणीत ‘कॉल’ म्हटलं, हात पुढे नेला, तेवढ्यात समोरच्या आजी शांतपणे म्हणाल्या, “माह जाँग.” तीन जमवणारीपेक्षा डाव पुरा करणारीचा हक्क मोठा, मग ती मागून का बोलेना.

पंचवीस सेंटांचा हात होता. मी एक क्वार्टर दिला. टाइल टाकणारीला दुप्पट भरावे लागतात, तिने दोन सरकवले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “आज आवाज छान लागला.”